डिस्क इमेज : चकतीची संपूर्ण प्रत

सीडी किंवा डीव्हीडीवर साठवलेली सर्व माहिती, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत, त्याच क्रमाने ज्या एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेतलेली असते, त्या फाइलला डिस्क इमेज म्हणतात. चकतीवरील फाइल्स एकेक करून उतरवल्या तर केवळ फाइल्स हाती येतात. इमेज घेतली तर फाइल्स कोठे सुरू होतात याची नोंद, चकतीचे नाव आणि संगणक सुरू करण्यासाठी लागणारा भाग हेही जसेच्या तसे राहते.

सर्वांत परिचित अशा ‘आयएसओ’ फाइलला हे नाव आयएसओ ९६६० या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकावरून मिळाले. या मानकानुसार माहिती २,०४८ बाइटांच्या खंडांत, म्हणजे सेक्टरांत, मांडलेली असते. पहिले १६ सेक्टर राखीव असतात आणि त्यानंतर चकतीची ओळख सांगणारी नोंद सुरू होते, जी वाचून संगणक फाइल्सच्या यादीपर्यंत पोहोचतो. हीच रचना फाइलमध्ये सापडत असल्यामुळे प्रत्यक्ष चकती नसतानाही संगणक ती बसवलेली आहे असे मानून काम करू शकतो, आणि या क्रियेला ‘माउंट’ करणे म्हणतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केले की नवा ड्राइव्ह दिसतो, त्यातील फाइल्स वाचता येतात, मात्र बदलता येत नाहीत, आणि काम झाल्यावर ‘इजेक्ट’ निवडले की तो नाहीसा होतो.

ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवताना पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही. रूफससारख्या प्रोग्रॅमने तिच्यातील रचना पेन ड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्या वेळी त्यावरील आधीचा मजकूर पुसला जातो. त्याहून महत्त्वाची बाब पडताळणीची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात शिरून एका आवृत्तीचे दुवे छुपा मार्ग ठेवलेल्या बनावट आयएसओकडे वळवले होते. यासाठीच फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एसएचए-२५६ हा ६४ चिन्हांचा ठसा प्रसिद्ध करतात. एक बाइट बदलला तरी तो पूर्णपणे निराळा येतो. मात्र संकेतस्थळच हल्लेखोराच्या हाती गेले तर तेथील ठसाही बदलता येतो, म्हणून निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी उपलब्ध असेल तेथे तीही तपासणे आवश्यक ठरते.

आयएसओ सर्वच चकत्यांना पुरत नाही, हे जतनाच्या दृष्टीने ध्यानात घ्यायला हवे. गाण्यांच्या ऑडिओ सीडीवर फाइल्सची अशी मांडणीच नसते, आणि महाराष्ट्रात एके काळी लग्नमुंजींचे चित्रण ज्यांवर भरून मिळे त्या व्हीसीडींमध्ये चित्रण साठवणाऱ्या सेक्टरांत २,३२४ बाइटांचा मजकूर असतो, जो २,०४८ बाइटांच्या साच्यात पूर्ण मावत नाही. अशा चकत्यांसाठी प्रत्येक सेक्टरचे सर्व २,३५२ बाइट उतरवणारी ‘बिन’ फाइल आणि ट्रॅकची नोंद ठेवणारी ‘क्यू’ फाइल अशी जोडी घ्यावी लागते. घरोघरच्या कपाटांतील या चकत्यांवर ओरखडे पडत आहेत, नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह नाहीसे होत आहेत. ड्राइव्ह मिळतात तोवर वाचकांनी त्यांच्या बिन-क्यू प्रती काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.