कार्यप्रणालीची जहागिरी

बीड शहरातील तहसील कचेरीच्या आसपास, आणि थोड्याफार फरकाने अंबाजोगाई, केज, माजलगाव, गेवराई येथील कचेऱ्यांच्या भोवतीही, झेरॉक्स, टंकलेखन, प्रतिज्ञापत्रे, पीकविम्याचे अर्ज आणि सातबाऱ्याचे उतारे अशी कामे करून देणाऱ्या लहान दुकानांची जी एक वस्ती गेल्या पंचवीस वर्षांत उभी राहिली आहे, तीत एखादा संगणक बंद पडला म्हणजे दुकानदार तो दुरुस्तीला देताना एवढेच सांगतो की, ‘फॉरमॅट मारा आणि विंडोज टाकून द्या.’ विंडोजखेरीज आणखी काही टाकता येते, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, आणि दुरुस्ती करणाराही तो सुचवीत नाही. वास्तविक लिनक्स नावाची एक कार्यप्रणाली 1991 सालापासून जगात आहे. ती कोणासही विनामूल्य घेता येते, तिच्यावर विषाणूंचा उपद्रव पुष्कळच कमी आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान म्हणून गणले जाणारे पाचशेच्या पाचशे महासंगणक 2017 च्या नोव्हेंबरपासून तिच्यावरच चालत आहेत. तरीही दाम मोजून घ्यावयाची वस्तू सर्वत्र नांदावी आणि फुकट मिळणारी, गुणांनी तिच्या तोडीची वस्तू बाजारात कोणी विचारू नये, असे का व्हावे?

कार्यप्रणाली हा यंत्राच्या आतला कारभारी होय. पडदा, कळफलक, छपाईयंत्र, स्मृतिकोश या साऱ्यांचा ताबा तिच्याकडे असतो. पत्र लिहिण्याचा, हिशेब ठेवण्याचा, मजकूर जुळविण्याचा जो जो प्रोग्राम आपण चालवितो, तो आपली मागणी या कारभाऱ्याकडे रुजू करतो, आणि मागणी स्वीकारण्याची प्रत्येक कारभाऱ्याची रीत निराळी असते. म्हणूनच विंडोजकरिता लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर किंवा ॲपलच्या मॅकवर जसाच्या तसा चालत नाही. माणूस संगणक घेतो तो कार्यप्रणालीसाठी घेत नाही, तर आपल्या कामाच्या प्रोग्रामसाठी घेतो. आणि प्रोग्राम लिहिणारा आधी जेथे गिऱ्हाईक अधिक, तेथेच जातो. ज्या कार्यप्रणालीकडे माणसे अधिक, तिच्याकडे प्रोग्राम अधिक, आणि प्रोग्राम अधिक म्हणून माणसे आणखी अधिक, हे चक्र एकदा फिरू लागले की गुणावगुणांचा हिशेब मागे पडतो.

ते फिरू कसे लागले, याची हकीकत सर्वपरिचित असली तरी तिच्यातील एका कलमाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 1980 साली आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीला आपल्या नव्या वैयक्तिक संगणकाकरिता कार्यप्रणाली हवी होती. त्या वेळी गॅरी किल्डॉल यांची सी.पी.एम. ही प्रणाली या क्षेत्रात अग्रेसर होती. हे काम जिच्याकडे आले त्या मायक्रोसॉफ्ट कंपनीजवळ स्वतःची अशी प्रणाली नव्हती. तिने सिएटल येथील एका लहान कंपनीत टिम पॅटरसन यांनी तयार केलेली 86-डॉस ही प्रणाली मिळविली आणि 1981 च्या जुलैत 50,000 डॉलर देऊन तिचे सर्व हक्क आपल्याकडे घेतले. 12 ऑगस्ट 1981 रोजी आय.बी.एम.चा संगणक जाहीर झाला. पुढे गिऱ्हाइकापुढे डॉस 40 डॉलरला आणि सी.पी.एम. 240 डॉलरला अशा किमती आल्या, तेव्हा निवड कोणत्या बाजूने होणार हे उघड होते. पण माझ्या मते निर्णायक गोष्ट किंमत ही नव्हे. तीच प्रणाली इतर यंत्रनिर्मात्यांनाही विकण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टने करारात स्वतःकडे राखून ठेवला होता, आणि आय.बी.एम.च्या यंत्रासारखी यंत्रे जेव्हा पन्नास कंपन्या काढू लागल्या, तेव्हा यंत्राचा मालक बदलत राहिला आणि कारभारी तोच राहिला; पुढे डॉसच्या जागी विंडोज आले, तेही मायक्रोसॉफ्टचेच.

पुढे अमेरिकेच्या सरकारने 1998 साली मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी 1999 च्या नोव्हेंबरात जी तथ्ये नमूद केली, त्यांतील दोन आकडे या साऱ्या विषयाचे मर्म सांगून जातात. विंडोजवर चालणारे प्रोग्राम सत्तर हजारांहून अधिक होते, आणि आय.बी.एम.ने अपार द्रव्य ओतून पुढे आणलेली ओ.एस.-टू ही प्रतिस्पर्धी प्रणाली भरभराटीच्या काळातही सुमारे अडीच हजार प्रोग्रामांपलीकडे जाऊ शकली नाही. नव्या प्रणालीची वाट अडविणारी ही प्रोग्रामांची तटबंदी आहे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

ही तटबंदी बीडमध्ये पाहावयाची असेल तर मोंढ्यातील कोणत्याही आडत दुकानात जावे. कापूस, सोयाबीन, तूर यांचे सौदे, जिनिंगचे हिशेब, आणि 2017 च्या जुलैपासून जी.एस.टी.ची विवरणपत्रे, यांचा सारा बोजा टॅली या एका प्रोग्रामवर आहे, आणि बंगळूरच्या कंपनीने घडविलेला हा प्रोग्राम विंडोजसाठी आहे. मुनीम ज्याला म्हणावे, तो आज टॅली शिकलेला तरुण असतो. त्याची नोकरी टॅलीवर आणि टॅली विंडोजवर. व्यापाऱ्याला या साखळीतील एकच दुवा बदलावयास सांगणे म्हणजे त्याची सबंध पेढी हलविण्यास सांगणे आहे.

याहूनही चिवट असा एक दुवा आपल्या भाषेशी निगडित आहे, आणि त्याचा विचार मराठी वाचकाने आवर्जून करावा असे मला वाटते. संगणकात अक्षर साठविले जाते ते एका क्रमांकाच्या रूपाने. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे सर्वांनी मिळून ठरविलेले असेल, तरच एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. मराठीच्या बाबतीत हे ठरण्यास विलंब लागला. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांकरिता मोलाचे काम केले, इस्की हे प्रमाणकही झाले; परंतु छापखान्यांत आणि टंकलेखनाच्या दुकानांत जे रुजले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. सी-डॅकचे आय.एस.एम., पुण्याचेच श्रीलिपी, बंगळूरची आकृती, यांतील प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसविले. एका फॉन्टातील मजकूर त्या फॉन्टावाचून उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य कचरा दिसे. लग्नपत्रिका छापणारा, साप्ताहिक काढणारा, वकिलाचे दावे टंकित करणारा, या सगळ्यांना म्हणून तोच फॉन्ट, पाने जुळविण्याचा तोच पेजमेकर आणि त्या दोहोंखाली तेच विंडोज ठेवणे भाग पडले, कारण शेजारच्या दुकानातून आलेली फाइल उघडली पाहिजे. पेजमेकरची नवी आवृत्ती 2001 नंतर निघाली नाही, तरी मराठी छापखान्यांनी तो पुढे कित्येक वर्षे सोडला नाही.

त्यात बोटांच्या सवयीची भर पडली. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी कारकुनांचे आणि टंकलेखकांचे शिक्षण रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रावर झालेले; मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची शासकीय परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस तो कळक्रम आयुष्यभर बोटांत घेऊन वावरतो. सरकारने शास्त्रशुद्ध असा इन्स्क्रिप्ट कळक्रम आणला, तो शिकावयास सोपाही आहे. परंतु ज्याची रोजी वेगावर अवलंबून आहे, त्याला दोन महिने हळू लिहा असे कोण सांगणार? ज्या प्रोग्रामांनी रेमिंग्टनचा क्रम जसाच्या तसा ठेवला ते टिकले, आणि ते विंडोजवर होते. इकडे पुण्यात लिनक्सचे पडदे, सूचना, आज्ञा शुद्ध मराठीत आणण्याचे काम अनेकांनी निष्ठेने केले. मराठी बोलणारी कार्यप्रणाली उपलब्ध असताना मराठी मुलुखाने इंग्रजी बोलणारी वापरली, याचे मला आजही वाईट वाटते. परंतु त्यात लोकांचा दोष पाहणे अन्यायाचे होईल.

शिक्षणानेही हेच दृढ केले. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधी तरुणांच्या हाती प्रथमच संगणक दिला, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. शासकीय नोकरीसाठी ती अर्हता मानली गेल्याने परळीपासून आष्टीपर्यंत त्याचे वर्ग निघाले. पण त्या वर्गांत जे शिकविले गेले ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्टचे ऑफिस. शिवाय सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकात विंडोजची अनधिकृत प्रत दुकानदारच भरून देई, त्यामुळे लिनक्सचे विनामूल्य असणे हा गुण गिऱ्हाइकाच्या लेखी उरलाच नाही. चोरीची प्रत वापरणाऱ्याचीही सवय मात्र त्या कंपनीच्या खाती जमा होत होती.

या सवयीची किंमत किती दिवसांनी चुकवावी लागते, हे मराठवाड्याला निराळे सांगावयास नको. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा दरबारी कारभार 1884 च्या सुमारास फार्सीतून उर्दूत आला, आणि गावोगावच्या कुळकर्ण्यांची दप्तरे मोडीत लिहिली जात राहिली. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली निजामकालीन अभिलेखांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा अभिलेख कक्षांतील रुमाल सोडून पाहणे सोपे होते. त्यांतील मजकूर लावणारा मोडी वाचक आणि उर्दू जाणणारा मिळविणे अवघड होते. नोंद रयतेची, पण ती वाचण्याची किल्ली मोजक्या माणसांच्या हाती. 1995 ते 2010 या काळात जुन्या फॉन्टांत टंकित झालेले ठराव, इतिवृत्ते, दावे, स्मरणिका यांची दशा याहून फार वेगळी नाही. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, आणि विंडोज 2000 पासून तो आपल्या यंत्रांतही आला, म्हणून पुढचा मजकूर वाचला. मागचा अजूनही त्या फॉन्टांत आणि त्या विंडोजवर अडकून आहे.

मग हे जोखड कोठेच उतरले नाही काय? उतरले आहे, आणि तेही तहसील कचेरीपासून फार दूर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची निवड केली, आणि खटल्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त तंत्रावर उभारला. त्यामुळे एकाच जिल्ह्यात महसुलाचा कारकून विंडोजवर आणि न्यायालयाचा कारकून लिनक्सवर काम करतो. न्यायालयातील माणसे अधिक कुशल होती म्हणून हे झाले, असे नाही. वरून एक हुकूम निघाला, यंत्र, प्रोग्राम आणि प्रशिक्षण ही तिन्ही एकाच वेळी बदलली, आणि साखळीचा एकही दुवा जुना राहिला नाही. केरळने 2001 साली सुरू केलेल्या शालेय संगणक-योजनेत पुढे हेच केले. शाळा, शिक्षक आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा अशी सर्वच लिनक्सवर नेली.

दुसरा मार्ग नव्या यंत्राचा. भ्रमणध्वनी आला तेव्हा कोणाच्याही बोटांत जुनी सवय नव्हती, आणि तेथे मायक्रोसॉफ्टला आपलेच शस्त्र उलटलेले पाहावे लागले. गूगलने 2005 साली घेतलेली अँड्रॉइड प्रणाली 2008 पासून फोनांत येऊ लागली. ती निर्मात्यांना विनामोबदला मिळत होती, स्वस्त फोन तिच्यावर निघाले, प्रोग्राम लिहिणारे तिकडे वळले. विंडोजचा फोन देखणा होता, नोकियासारखी कंपनी 2011 साली त्याच्या पाठीशी उभी राहिली, तरी प्रोग्रामांच्या अभावी तो बुडाला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर स्वस्त इंटरनेट ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या कोपीपर्यंत पोहोचले, ते अँड्रॉइडवरूनच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणीही शेतकरी बांधावर उभा राहून त्याच फोनातून भरतो. ज्याने संगणकाला कधी हात लावला नाही, तो कास्तकार अशा रीतीने लिनक्सच्याच गाभ्यावर चालणारी प्रणाली वापरू लागला, कारण अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. पण एक जहागीर मोडताना दुसरी उभी राहिली. 2022 च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या जोरावर आपली इतर उत्पादने माथी मारल्याबद्दल गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, आणि 2023 च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला.

संगणकाच्या बाबतीत सध्या एक प्रश्न दुकानदारांच्या दारात येऊन ठेपला आहे. विंडोज 10 ची सर्वसाधारण दुरुस्ती-सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि विंडोज 11 जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. सातबारा, जी.एस.टी., न्यायालयातील ई-फायलिंग ही कामे आता ब्राउझरमधून होतात आणि ब्राउझर कोठेही चालतो; तेवढ्यापुरते जुने यंत्र लिनक्सवर आणखी चार-पाच वर्षे सहज काम देईल. ज्याच्या दुकानात याखेरीज टॅली आणि लग्नपत्रिकांचा पेजमेकर आहे, त्याला मात्र नवे यंत्र तरी घ्यावे लागेल, नाहीतर जुन्याच विंडोजवर जोखीम पत्करून बसावे लागेल. आणि बीडच्या बाजारात आज बहुतेक दुकाने या दुसऱ्या प्रकारची आहेत.