वर्ध्याचा पाषाण आणि ओल

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडला संत शेख फरीद बाबांची टेकडी आहे. तिच्यावर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोलसर खडे पडलेले असतात. दोन फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्या व्यापाऱ्यांजवळच्या सगळ्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनंही ती नोंदवली, शिवाय खडे झिओलाइटचे असल्याचंही सांगून टाकलं. कथा आपल्या जागी राहू द्या. हे खडे सुटे कसे झाले, ते पाहण्यासारखं आहे.

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यानं त्या पोकळ्या झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशा खनिजांनी भरल्या. कालांतरानं भोवतालचा पाषाण झिजून गेला आणि भरण तेवढं मागं राहिलं. म्हणजे खडे घडवले पाण्यानं आणि मोकळेही केले पाण्यानंच.

वर्ध्याचा माणूस मात्र उन्हाला दोष देणार. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला, की दगडही तडकत असेल असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ साली हे तपासलं. ग्रॅनाइटचा गुळगुळीत तुकडा त्यांनी सुमारे ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला; रोज एकदा धरलं तर २४४ वर्षांचं ऊन. कोरड्या दगडाला काही झालं नाही. थंड करताना पाणी वापरलं, तेव्हा थोड्याच फेऱ्यांत पृष्ठभागाची चकाकी गेली, बारीक तडे दिसू लागले. एका लहान तुकड्यावरून ऊन पुरतं निर्दोष ठरत नाही, पण मुख्य आरोपी बदलला हे खरं.

धो धो कोसळून नाल्याला लागणारा पाऊस खडकाचं फारसं बिघडवत नाही. मुरते ती ओल बिघडवते. हवेतला आणि त्याहून जास्त मुळांजवळच्या मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते फटींत शिरतं, खडकातल्या फेल्डस्पार या खनिजातलं कॅल्शियम, सोडियम काढून नेतं आणि मागं चिकणमाती ठेवतं. खडकातलं लोह गंजतं, म्हणून झिजलेल्या खडकाला, म्हणजे मुरमाला, तांबूस-पिवळा रंग येतो.

रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या दरडीत हे सगळं उघडं दिसतं. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ओल तीन बाजूंनी चाल करते, म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होत जातो. भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बाहेरचा पापुद्रा बोटांनी चुरडला जातो. आतल्या गाभ्यावर हातोडी मारली तर खणखणीत आवाज येतो. दोहोंमध्ये कधीकधी वीतभरही अंतर नसतं.

खडक झिजून उरलेल्या चिकणमातीचीच पुढे काळी माती होते. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. कपाशीला ही जमीन मानवते, कारण पाऊस थांबल्यावरही ती ओल धरून असते. घर बांधणाऱ्याला मात्र पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. धुऊन निघालेलं कॅल्शियमही फार लांब जात नाही. खालच्या थरात ते चुनखडीचे खडे होऊन बसतं.

विहीर खणताना हा क्रम वरून खाली भेटतो: काळी माती, मुरूम, कच्चा खडक, मग सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. पाणी बहुधा मुरूम आणि कच्च्या खडकातूनच पाझरतं. अखंड पाषाणाला पाणी साठवायला जागा नसते; भेग लागली नाही, तर तो कोरडाच निघतो.