दोन वाटांचा तोल



औंढा नागनाथ हें नांव मराठी माणसास नव्यानें सांगावें लागत नाहीं. ज्योतिर्लिंगाचें स्थान म्हणून, तसेंच नामदेव व विसोबा खेचर यांच्या कथेमुळें तें घरोघरीं ठाऊक आहे. हिंगोली जिल्ह्यांतील याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया नांवाचें एक अपूर्व यंत्र उभारावयाचें ठरलें आहे. भारत सरकारनें २०१६ च्या फेब्रुवारींत त्यास तत्त्वतः मान्यता दिली, व २०२३ च्या एप्रिलमध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. दूर आकाशांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं असतां अवकाशांत जे तरंग उठतात, ते टिपणें हें त्याचें काम. या तरंगांनीं चार किलोमीटरच्या अंतरांत जो फरक पडतो, तो अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉनच्या व्यासाहूनहि शेकडों पटींनीं लहान असतो. इतकी सूक्ष्म गोष्ट मोजावयाची कशी? याचें उत्तर विजेच्या साध्या मंडलांत सांपडतें, आणि तेंच उत्तर आपल्या घरांतील मीटरजवळच्या पेटींत बसून मुलामाणसांच्या जिवाची राखणहि करतें. तें कसें, हें आज पाहूं.

प्रथम मंडल म्हणजे काय? विजेला जावयास वाट लागते, तशी परत यावयासहि लागते. ही वाट कोठेंहि न तुटतां पुरी झाली म्हणजे मंडल झालें. बटण दाबणें म्हणजे तुटलेली वाट जोडणें, एवढेंच. वर्गांत मी नेहमीं विचारीत असें : दिव्यांत जाणारा प्रवाह अधिक, कीं दिव्यांतून बाहेर पडणारा? बहुतेक मुलें सांगत, जाणारा अधिक. कारण दिव्यानें त्यांतला कांहीं खाल्ला! हा समज मोठ्यांचाहि असतो, पण तो खरा नव्हे. छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की पुष्कळांनीं पाहिली असेल. पाणी पडतें, चक्की फिरते, पण त्यामुळें पाणी कमी होत नाहीं; कमी होते ती त्याची उंची. विजेचेंहि तसेंच. दिव्यांत खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह जितका आंत गेला, तितकाच बाहेर येतो.

हा प्रवाह किती असावा, हें ढकलणारा दाब व अडविणारा रोध या दोहोंवर अवलंबून आहे. दाबास रोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो. जॉर्ज सायमन ओम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं हा नियम प्रसिद्ध केला. आपल्या घरीं दाब २३० व्होल्ट. शंभर वॅटच्या दिव्यांतील तापलेल्या तारेचा रोध सुमारें ५३० ओम. म्हणून प्रवाह अर्ध्या अँपिअरहून किंचित् कमी.

आतां असें समजा कीं, प्रवाहास दोन वाटा करून दिल्या, व प्रत्येक वाटेवर दोन-दोन रोध ठेविले. दोन्ही वाटांवर त्या दोन रोधांच्या मधोमध एक आडवी तार जोडून तींत नाजूक गॅल्व्हानोमीटर बसविला. एका वाटेवरील रोधांचें जें प्रमाण, तेंच दुसरीवरील रोधांचें असेल, तर आडव्या तारेच्या दोन्ही टोकांस दाब सारखाच; मग तींतून प्रवाह वाहावा कशाला? कांटा शून्यावर स्थिर राहतो. एका रोधांत थोडा फरक पडला, कीं तो हलतो. ही रचना क्रिस्टी यानें १८३३ सालीं सुचविली व व्हीटस्टन यानें १८४३ सालीं प्रसिद्धीस आणली. म्हणून तिला व्हीटस्टनचा सेतु म्हणतात. येथील युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोन मोठ्या राशी मोजून वजाबाकी केली, तर मोजण्यांतील चुकांतच लहानसा फरक बुडून जातो. पण त्या एकमेकींसमोर उभ्या करून तोल साधला, तर नजरेस पडतो तो फक्त फरकच. सोनाराचा तराजू हेंच करतो.

औंढ्याचें यंत्र म्हणजे प्रकाशाचा असा सेतु होय. काटकोनांत ठेवलेल्या दोन निर्वात नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब. लेसरचा एक किरण दुभागून दोहोंत पाठवावयाचा, टोकांच्या आरशांवरून परत आणावयाचा, आणि एकत्र येतांना एकानें दुसऱ्यास जवळजवळ पुसून टाकावें, अशी जुळणी करावयाची. तोल आहे तोंवर बाहेर जवळजवळ अंधार. एक भुजा किंचित् लांबली व दुसरी आंखूड झाली, कीं हा प्रकाश बदलतो. तो फोटोडायोडवर पडून विजेच्या मंडलांत प्रवाह उत्पन्न करतो, व शास्त्रज्ञ अखेरीस वाचतात तो हा प्रवाहच. अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिला तरंग टिपला.

मात्र या युक्तींत एक उणीव आहे. दोन्ही बाजूंस सारखाच बदल झाला, तर कांटा हलत नाहीं. कांहीं दिशांनीं आलेला तरंग दोन्ही भुजांवर सारखाच परिणाम करतो, व तें यंत्र त्यापुरतें आंधळें ठरतें. १७ ऑगस्ट २०१७ च्या तरंगाच्या वेळीं इटलींतील व्हर्गो यंत्राची जवळजवळ अशीच स्थिति झाली. म्हणून पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या रोखानें अशीं यंत्रें हवींत. औंढ्याचें महत्त्व यांतच आहे.

आतां घरीं येऊं. फ्यूज आपणांस वांचवितो, असें पुष्कळांस वाटतें. हिशेब करून पाहूं. ओल्या अंगाचा रोध सुमारें एक हजार ओम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेस हात लागतांच शरीरांतून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची गति बिघडवून प्राण घेण्यास याहून कमीहि पुरे. पण तो एका दिव्याच्या प्रवाहापेक्षांहि कमी. पांच अँपिअरचा फ्यूज त्यानें वितळावा कसा? फ्यूज तारांना राखतो, माणसाला नव्हे.

माणसाला राखणारें उपकरण म्हणजे आर. सी. सी. बी. त्यांत जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यांतून नेलेल्या असतात. दोन्ही प्रवाह सारखे आहेत तोंवर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस पुसून टाकतात. जाणाऱ्यांतला कांहीं प्रवाह कोणाच्या अंगांतून जमिनींत गेला, कीं परतणारा तितका कमी पडतो. तोल ढळतो, व घरगुती उपकरणांत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर एवढ्या फरकानें क्षणार्धांत वाट तोडली जाते. वरील उणीव येथेंहि आहेच. कोणी एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरली, आणि पाय जमिनीपासून अलग असले, तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहील, आणि हें उपकरण स्वस्थ बसेल. म्हणून तें असतांहि बेफिकीर राहूं नये, व अर्थिंगकडे दुर्लक्ष करूं नये.

या उपकरणावर तपासणीचें एक लहान बटण असतें. तें दाबलें कीं मुद्दाम थोडा तोल ढळविला जातो, व वीज तत्काळ गेली पाहिजे. आपल्या पेटींत हें उपकरण आहे कीं नाहीं, तें प्रत्येकानें एकदां पाहावें. असल्यास बटण दाबून पाहावें. वीज गेली नाहीं, किंवा उपकरणच नसलें, तर जाणत्या वायरमनला बोलावण्यास उशीर करूं नये.