जोडीदाराचे ताट
(लेखांक पाचवा)

गेल्या आठवड्यात मधुमेहाची कारणे पाहिली. आता त्याहून बिकट प्रश्नाकडे वळावयाचे आहे. रोगाचे ज्ञान आपल्याला झाले, पथ्याची आवश्यकताही पटली, परंतु ज्या माणसाशी संसाराची गाठ पडली आहे त्याला ती पटत नाही, अशा घरात काय करावे? हुकमाने कोणी बदलत नाही, आणि नित्याच्या तगाद्याने तर भला माणूसही हटवादी होतो, हे विवाहित वाचकांना सांगावयास नकोच.

हा प्रश्न मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरता घेणार आहे, कारण तेथे तो स्पष्ट दिसतो. हा भातशेतीचा मुलूख. ज्या पिढीने गुडघाभर चिखलात वाकून आवणी केली, भातकापणीचे भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत वाहिले, तिने ताटात भाताची रास वाढून घेतली तर ती श्रमांची रास्त भरपाई होती. आज त्याच घरातला कर्ता पुरुष पहाटे आसनगावला लोकल पकडतो, किंवा मुरबाडला रेल्वे नसल्यामुळे एसटीने कल्याण गाठतो, आणि दिवसाचा बहुतेक भाग खुर्चीत, डब्यात किंवा कारखान्यातल्या एका यंत्रापुढे घालवून रात्री घरी परततो. तरीही त्याच्या पुढ्यातली रास वडिलोपार्जित शिरस्त्याने तेवढीच राहिली आहे. त्यात हळदीच्या आणि लग्नाच्या जेवणावळींचा हंगाम आला म्हणजे महिना-दीड महिना पथ्याचे नावच काढावयास नको.

असा मनुष्य पुष्कळदा लठ्ठ दिसत नाही, हीच खरी अडचण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा; परंतु युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. हातापायांनी सडपातळ आणि पोटात मेद साठवणारा हा आपल्याकडचा देह वजनकाट्याला सहज चकवतो. म्हणून “मी काय जाडा आहे?” या नवऱ्याच्या सवालाला जबाब काट्याने नव्हे, शिंप्याच्या फितीने द्यावा. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या वर गेला असेल तर तो भारतीय शरीरासाठी धोक्याचा समजला जातो. मात्र फीत आधी स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळावी आणि मगच त्याच्या हाती द्यावी.

हा क्रम मी उगाच सांगत नाही. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांची अनेक वर्षे नोंद ठेवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान सोडणे, हालचाल वाढवणे आणि वजन उतरवणे या तिन्ही बाबतींत, जोडीदाराने स्वतः तो बदल केला असता दुसऱ्यानेही तो करण्याचा संभव पुष्कळ वाढतो. आणि विशेष हे की, पहिल्यापासून निरोगी सवयी असलेल्या जोडीदारापेक्षा नुकताच सुधारलेला जोडीदार अधिक प्रभावी ठरतो. हे मला स्वाभाविक वाटते. जो कधी घसरलाच नाही त्याच्या उपदेशात अधिकाराचा दर्प येतो.

उपदेशाची वेळही बहुधा चुकते. पानावर बसलेल्या नवऱ्याला सासू आणि मुले यांच्यादेखत “अहो, भात जरा बेतानं घ्या” असे म्हटले की “आता माझा घासही मोजणार का तू?” हे उत्तर ठरलेले, आणि सासूबाईही मुलाचीच बाजू घेतात. यापेक्षा तजवीज चुलीपाशी करावी. टोपात तांदूळच रोजच्यापेक्षा वाटीभर कमी टाकावेत, म्हणजे दुसऱ्यांदा वाढण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. भाजी आणि वालाची उसळ आधी पानात पडावी, नाचणीची भाकरी त्यांच्या जोडीला यावी आणि भात शेवटी, थोडका. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात तंतू तीन ग्रॅमांच्या आतच असतात. तेवढ्याच नाचणीत ते सुमारे अकरा ग्रॅम भरतात. तथापि नाचणीही पिष्टमयच आहे, आणि ती औषधी म्हणून चार भाकऱ्या चेपणाऱ्याला तिचा काही लाभ नाही. सुकट, बोंबील, पापड आणि लोणचे यांतून जाणाऱ्या मिठाचा हिशेबही ठेवावा, कारण दिवसाची मर्यादा सगळी मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढीच आहे.

या मुलखात राहणाऱ्याने पथ्यासाठी शहरातून ओट्सचे डबे आणावेत, हे मला चमत्कारिक वाटते. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाकूर आणि कातकरी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. वरचे पाते सोलून, आतला खाजरा पिवळट भाग काढून, ती बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवली म्हणजे घशाची खवखव जाते आणि जी भाजी होते तिच्यापुढे सुकटीचे कालवणही काही वेळ विसरले जाते. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी आणि कर्टुली येतात. नवऱ्याला पथ्याचे नाव न सांगता, “आईंच्या हातची शेवळं आठवतात का?” एवढेच विचारावे, पथ्य म्हणून जे तो नाकारील ते आईची आठवण म्हणून मागून खाईल.

व्यायामाचेही तेच. आठवड्यास दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आसनगाव स्थानकापासून शहापूर दोन-तीन किलोमीटर. येताना रिक्षा टाळली तर निम्मे काम झालेच. महामार्गाच्या कडेने मात्र चालू नये. आतली वाट धरावी, आणि जमेल तेव्हा पत्नीने अर्ध्या वाटेवर सामोरे जावे.

आतापर्यंत मी पत्नीच पतीला सुधारते असे धरून चाललो. उलट बाजू अधिक गंभीर आहे. भातसा, तानसा आणि वैतरणा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, आणि विहिरीवरून हंडे कोण आणते हे सांगावयास नको. अशा स्त्रीला “तू जरा व्यायाम कर” म्हणणारा नवरा उपहासास पात्र आहे. ती सर्वांच्या मागून, उरलेल्या आमटीवर जेवते; तिच्या आरोग्याची पहिली पायरी म्हणजे तिचे पान सर्वांबरोबर मांडले जावे, डाळ आणि अंडे तिच्याही वाट्याला यावे आणि एक हंडा नवऱ्याने उचलावा. याउलट शहापूर-मुरबाडच्या कसब्यात नळाचे पाणी आणि मिक्सर असलेल्या घरातल्या स्त्रीची हालचाल खरोखरच घटली आहे. तिला संध्याकाळी फिरावयास नेण्यात संकोच कसला?

एक सावधगिरी. जो आधीच साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत आहे त्याचे जेवण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकाएकी घटवू नये. साखर उतरून घेरी येण्याचा धोका असतो.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. वाचकांना विनंती की, पुढचा लेखांक हाती येण्यापूर्वी त्यांनी ही तपासणी करून घ्यावी, आणि जोडीदाराला एकट्याला न पाठवता दोघांनीही आपापले दंड व बोट पुढे करावे.