टेप निघाली, कंगोरा राहिला!

मुंबई–कोलकाता महामार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. लाखनी किंवा साकोलीला त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलात, तर कितीतरी रंगीबेरंगी ट्रक समोरून जातील. कुणाच्या दारावर कमळ, कुणाच्या फळीवर वाघ, तर कुणाच्या अंगावर लाल-पिवळे पट्टे! असा एखादा ट्रक उभा दिसला, तर चालककाकांना विचारून पट्ट्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवा. डोळ्यांना सहसा न दिसणारा बारीक कंगोरा बोटाला जाणवेल. तो आला कोठून?

टेपची भिंत

सरळ पट्टा काढण्यासाठी पेंटर आधी कागदी मास्किंग टेप चिकटवतात आणि मग एअरब्रशने किंवा स्प्रेगनने रंग फवारतात. टेपची कड म्हणजे रंगाला एक भिंतच. पेल्यातले पाणी काचेलगत किंचित वर चढलेले तुम्ही पाहिले असेल. तसाच ओला रंग टेपच्या भिंतीलगत चढतो. रंग वाळला की टेप निघते, पण वर चढलेली कड तशीच राहते. शिवाय रंगाच्या थराला स्वतःची जाडी असतेच. म्हणजे पट्ट्याच्या कडेला एक पायरी आणि पायरीवर कंगोरा!

कंगोरा परत का येतो?

रंगावर चकाकीसाठी पारदर्शक क्लिअरचा थर देतात. तो भरपूर फवारला की कंगोरा बुडाला असे वाटते. पेंटर निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी पाहतात, तर कंगोरा पुन्हा हजर! दिवसभराची मेहनत वाया.

यात जादू नाही, साधे गणित आहे. समजा, कंगोरा २० मायक्रॉन उंच आहे. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) क्लिअरचा ओला थर वरून अगदी सपाट बसला. कंगोऱ्याच्या बाजूला तो १०० मायक्रॉन जाड असेल, तर कंगोऱ्यावर फक्त ८० मायक्रॉन असणार. आता समजा, वाळताना निम्मा भाग थिनर म्हणून उडून गेला. बाजूला उरले ५०. कंगोऱ्यावर उरले ४०, त्यात कंगोऱ्याचे २० मिळवा. झाले ६०! म्हणजे १० मायक्रॉनचा उंचवटा पुन्हा वर आला. आणखी एक थर दिला तर ५, त्यानंतर अडीच. उंचवटा निम्मा होत जातो, पण संपत नाही. क्लिअर आणि पैसे मात्र संपतात!

आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी भरले की बुटका धुरा दिसेनासा होतो. पाणी आटले की तो पुन्हा डोके वर काढतो. तसेच हे.

मग उपाय काय?

धुरा बुडवून जात नाही, तो खणूनच काढावा लागतो. जाणकार पेंटर आधी क्लिअरचे दोन थर देतात व ते पुरते वाळू देतात. मग ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, सपाट ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने घासतात. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. ठोकळा कशासाठी? नुसत्या बोटांनी घासले, तर मऊ बोटे उंचवट्यावरून वरखाली होतात. कडक ठोकळा मात्र आधी उंच भागालाच टेकतो. क्लिअरचे थर आधी दिल्यामुळे घासण्याचा मार क्लिअरवर बसतो, खालचा रंग वाचतो. पृष्ठभाग सपाट झाला की शेवटचा थर द्यायचा. आता सगळीकडे थर सारखाच जाड, म्हणून तो वाळतानाही सारखाच आटतो.

कंगोरा मुळातच लहान ठेवता येतो. रंगाचे थर पातळ द्यावेत. फवारा टेपकडून मोकळ्या भागाकडे मारावा. रंग थोडा मऊ असतानाच टेप उलटी दुमडून सावकाश ओढावी.

गंमत अशी, की मास्किंग टेपचा जन्म पॉलिशपेपरमुळेच झाला! अमेरिकेतील थ्री-एम कंपनीचा तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू पाण्यात वापरायच्या पॉलिशपेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्यांकडे गेला होता. दुरंगी मोटार रंगवताना त्यांची होणारी फजिती त्याने पाहिली आणि १९२५ साली ही टेप तयार केली. रोग आणि औषध एकाच घरचे म्हणायचे!

करून पाहा

पत्र्याच्या जुन्या झाकणावर टेपच्या दोन पट्ट्या चिकटवा. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, ब्रशने ऑइलपेंट लावा. एक पट्टी लगेच काढा, दुसरी दुसऱ्या दिवशी. रंग पुरता वाळल्यावर डोळे मिटून दोन्ही कडांवरून बोट फिरवा. कोणती कड जास्त टोचते?

फवारणीचा प्रयोग मात्र घरी करू नका. दोन डब्यांतून मिसळून वापरायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या तुषारांनी दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल ते अडवू शकत नाही. ट्रक सुंदर करणाऱ्या हातांना योग्य मुखवटाही मिळायला हवा, नाही का?