स्वराचा कंप : भूषण कीं दूषण ?

स्वर कांपविणें हें कांहीं आजकालचें खूळ नव्हे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचिला. त्यांत श्रोत्याच्या चित्तास सुख देणाऱ्या स्वरकंपास त्यानें 'गमक' म्हटलें असून त्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. 'कंपित' हा जलद, तर 'आंदोलित' संथ. या लक्षणांत 'सुख देणारा' हें विशेषण महत्त्वाचें आहे. केवळ कांपला म्हणून स्वर गोड होत नाहीं.

रागदारींत कंपाची जागाही ठरलेली असते. भैरवांतील कोमल ऋषभ व धैवत, दरबारी कानड्यांतील कोमल गांधार हे झोके घेतात. षड्ज-पंचम मात्र अचल. सरसकट सर्व स्वर डोलविले, तर रागाची ओळखच पुसते.

हा वाद युरोपांतही जुनाच आहे. प्रत्येक स्वर कांपविणाऱ्या व्हायोलिनवादकांना लिओपोल्ड मोझार्टनें १७५६ सालीं तापकऱ्याची उपमा दिली. १९२१ सालीं लिओपोल्ड आउअर यांनींही अखंड कंपाचा निषेध केला. तथापि विसाव्या शतकांत क्रायस्लर यांच्यासारख्यांच्या प्रभावानें तोच तेथें रूढ झाला. तिकडील वादकाचें बोट तारेवर सेकंदास सुमारें पांच ते सात वेळां डोलतें. आपल्याकडे आंदोलनासाठीं तें तारेवरून सावकाश सरकवितात.

आमच्या शिरूर-दौंडकडे मुलांचें गाणें बहुधा पेटीवर सुरू होतें. पेटीचा स्वर पट्टीनें बांधलेला. त्यास आंदोलन साधत नाहीं. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस बंदी केली, तिच्यामागें हाही एक आक्षेप होता; पुढें ती बंदी शिथिल झाली. पेटीची सोय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पेटीवर जें ऐकूं येत नाहीं, तें मूल चित्रपटगीतांतून उचलतें आणि ओळीओळींत पेरतें. घरच्यांस वाटतें, गळ्यांत गोडवा आला! वस्तुतः पुष्कळदां तें अस्थिर स्वरावरील पांघरूण असतें.

शिरूरहून एस्टीनें वा दौंडहून आगगाडीनें आठवड्यास एकदां पुण्याच्या गुरूकडे धाडल्यानें काम भागत नाहीं. उरलेले सहा दिवस घराचेच. तंबोरा नसेल तर मोबाइलवरील तंबोरा लावून मुलाकडून एका श्वासाचा निश्चल षड्ज रोज म्हणवून घ्यावा. जो स्वर स्थिर ठेवतां येतो, तोच मनाजोगता हालवितां येतो. आणि वडीलधाऱ्यांनीं पहिली शाबासकी त्या साध्या षड्जास द्यावी. कारण घरची दाद जिकडे, तिकडेच मुलाचा गळा वळतो.