ऑनलाइन खेळ : विरंगुळा व्यसन कधी होतो?

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. मात्र मोबाईलच्या पडद्यावरून घरात शिरणाऱ्या व्यसनाला जिल्ह्याची वेस अडवू शकत नाही. म्हणूनच ऑनलाइन खेळांची ओढ नेमकी कशामुळे लागते, हे पालकांनी समजून घेणे गरजेचे आहे.

अभ्यासाचे फळ वर्षाने, तर स्पर्धा परीक्षेचे कित्येकदा अनेक वर्षांनी मिळते. खेळात मात्र प्रत्येक हालचालीची दखल तत्काळ घेतली जाते. गुण वाढतात, पुढचा टप्पा खुला होतो, सवंगड्यांची शाबासकी मिळते. वर्गात मागे पडणारा मुलगा तेथे संघनायक असू शकतो. एकटेपणा आणि घरातील ताण यांचाही काही काळ विसर पडतो. यात गैर काहीच नाही. कर्तृत्व, सोबत आणि विरंगुळा या माणसाच्या स्वाभाविक गरजा आहेत.

धोका खेळाच्या रचनेत दडलेला असतो. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की प्रयत्न थांबवणे कठीण जाते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले होते. अनेक ऑनलाइन खेळांत हेच तत्त्व वापरले जाते. त्यातच अशा खेळांना शेवट नसतो आणि मधेच उठल्यास संघाचे नुकसान होते. त्यामुळे 'आणखी एकच डाव' पहाटेपर्यंत लांबतो.

तरीही दररोज खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसूनही खेळणे न थांबणे, ही त्याची तीन लक्षणे. ती साधारणतः वर्षभर टिकली आणि शिक्षण, काम वा नातेसंबंध बिघडले, तरच निदान केले जाते. म्हणजेच किती तास खेळले यापेक्षा त्यापायी काय सुटले, हे महत्त्वाचे.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांत हानी अधिक वेगाने होते. गमावलेली रक्कम परत मिळवण्याच्या नादात कर्ज वाढत जाते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. शिक्षेची तरतूद खेळ चालवणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नाही. मात्र केवळ बंदी पुरेशी ठरत नाही. सुरक्षेच्या कारणावरून सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. पुढच्याच वर्षी त्याच धर्तीचा खेळ नव्या नावाने दाखल झाला.

मोबाईल हिसकावून घेतल्याने बहुधा भांडणच वाढते. मुलाला खेळात काय मिळते, हे आधी विचारावे. वेळेची मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवावी, रात्री मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा आणि मैदानी खेळाला वाव द्यावा. झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम दिसू लागल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वर्धेकरांसाठी सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशनही मिळते. खेळातून मिळणारे कौतुक आणि सोबत मुलाला घरातही लाभली, तर पडद्याची पकड आपोआप सैल होऊ लागते.